कुत्र्याचे फोटो मोकळ्यावर काढताना: आधी जुना अल्बम, मग कॅमेरा

बाहेर, मोकळ्यावर कुत्र्याचे चांगले फोटो कसे काढायचे असं कुणी विचारलं की मी आधी घरातला जुना अल्बम काढायला सांगतो. कॅमेरा नंतर. अल्बमात कुत्रं कुठेकुठे दिसतंय ते बघा. बहुतेक वेळा ते कोपऱ्यात असतं. मुंजीच्या ग्रुप फोटोत पाटाखाली, अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी, नाहीतर कुणाच्या तरी पायाशी अर्धंच.

आमच्याकडे मामाचा एक फोटो आहे. बजाज चेतक उभी आहे, आणि हँडलमागच्या मोकळ्या जागेत मोती पुढचे दोन पाय वर टेकवून, जणू गाडी तोच चालवणार अशा थाटात उभा आहे. शेपटी हललेली, त्यामुळे तिथे नुसता भुरकट पट्टा उमटलाय. मोतीचं तोंड नखाएवढं. मागे शेणाने सारवलेला ओटा, दाराच्या चौकटीत आजीच्या लुगड्याचा काठ, भिंतीला टेकवलेली शिडी. फोटोकाराच्या नजरेने बघितलं तर सगळंच चुकलेलं आहे. पण हा फोटो निघाला की घरातली माणसं अर्धा तास त्यावरून हलत नाहीत. ती शिडी कुठे गेली इथपासून मोतीला चेतकची सवय कुणी लावली इथपर्यंत.

असे फोटो का निघायचे याचं कारण साधं आहे. आगफा क्लिक-३ मध्ये १२० चा रोल घातला की बारा चौकोनी फोटो मिळायचे, बारा म्हणजे बाराच. अशा साध्या कॅमेऱ्यांना फार जवळचं नीट टिपता यायचं नाही आणि शटर मंद. म्हणून काढणारा चार पावलं मागे सरकायचा, आणि कुत्र्याबरोबर अख्खं घर फोटोत यायचं. आज आपल्याकडे उलटं झालंय. डोळा लख्ख आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. दिसायला देखणं, पण वीस वर्षांनी तो फोटो कुठला हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही प्रकारचे फोटो काढायचे, एक जवळचा आणि एक जागेसकट. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलंय.

वेळ, ऊन आणि पायाखालची जमीन

सकाळी सूर्य वर आल्यावरचा पहिला तास आणि मावळण्याआधीचा शेवटचा तास, एवढं धरून चला. पुण्या-साताऱ्याकडे डिसेंबरअखेरीस सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मे महिन्यात सहाच्या आसपास. उन्हाळ्यात नऊनंतर ऊन डोक्यावर यायला लागतं, कपाळाच्या सावलीत डोळे बुडतात आणि कुत्रं मिचमिच करत बसतं.

उन्हाचा प्रश्न फोटोपुरता नाही. माणसासारखं अंगभर घामाने कुत्रं थंड होत नाही. घामाच्या कामाच्या ग्रंथी त्याच्या पंजांपाशी असतात, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. डांबरी रस्त्यावर किंवा कातळावर स्वतःच्या हाताचा मागचा भाग सात सेकंद ठेवून बघा. ठेववत नसेल तर कुत्र्यालाही तिथे उभं करू नका. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उन्हाळ्यात धावायला लावूच नये. पाणी आणि पसरट वाटी कॅमेऱ्याच्या बॅगेतच ठेवायची. जीभ लांब आणि रुंद होऊन लोंबायला लागली की आवरतं घ्या. तसाही तो फोटो चांगला येत नाही.

माझ्या मते फोटोंसाठी सगळ्यात भरवशाचा काळ पावसाळा. ढगाळ आभाळातून येणारा उजेड मऊ असतो, दुपारीही सावल्या बोचत नाहीत, आणि काळ्या-पांढऱ्या दोन्ही कुत्र्यांचे केस नीट दिसतात. चिखल होतो, होऊ द्या. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यात आणि कानांत गोचीड तेवढे तपासा. साचलेल्या गढूळ पाण्यात मात्र उतरवू नका. लेप्टोस्पायरोसिसची भीती खरी आहे, कुत्र्याला आणि तुम्हालाही.

जागा निवडताना अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं सोडून द्या. समुद्रकिनारी ओहोटीच्या वेळची ओली वाळू उत्तम, आभाळाचं प्रतिबिंब मिळतं. पण पक्ष्यांचा थवा उतरलेला असेल तिथे कुत्रं मोकळं सोडू नका. उडणाऱ्या थव्यामागे धावणाऱ्या कुत्र्याचा फोटो मस्त दिसतो, पण दमून उतरलेल्या पक्ष्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

कुत्र्याचा रंग आणि मागचा रंग

दख्खनच्या माळावर दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागतं आणि फेब्रुवारीपर्यंत ते गावठी कुत्र्याच्याच रंगाचं होतं. तपकिरी-पिवळं कुत्रं त्या गवतात उभं केलंत की ते हरवतं. त्याला काळ्या कातळापुढे घ्या, नाहीतर तुम्ही इतके खाली जा की मागे आभाळ येईल. काळ्या कुत्र्याचं बरोबर उलटं. त्याला वाळलेलं गवत फार शोभतं, आणि सकाळचं ऊन मागून आलं तर पाठीवर, कानांवर सोनेरी कड उमटते. पांढऱ्याला पावसाळी हिरवा.

काळं कुत्रं फ्रेम भरून असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो. तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, उणे ०.७ ते उणे १ करा. पांढऱ्यासाठी तेवढंच अधिक. मात्र काळं कुत्रं लहान आणि मागे उजळ आभाळ असेल तर गणित फिरतं, तिथे अधिक करावं लागतं, नाहीतर कुत्र्याच्या आकाराचं भोक दिसतं. फोनवर तोंडावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी वरखाली करा, तेच काम होतं. काळ्या कुत्र्याचे डोळे दिसावेत म्हणून त्याचं तोंड मोकळ्या आभाळाकडे हवं, म्हणजे बुबुळात उजेडाचा ठिपका पडतो. तो ठिपका नसेल तर डोळा निर्जीव वाटतो.

फ्लॅश नको. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात, आणि बिचारं दचकतंही.

कॅमेऱ्याचे आकडे

बसलेल्या कुत्र्यालाही शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका. बसलेलं दिसलं तरी कान, नाक, शेपटी यांपैकी काहीतरी हलतच असतं. चालताना १/५००, धावताना १/१००० आणि त्याहून जास्त. कारवान किंवा पश्मी अशी वेगवान शिकारी जातीची कुत्री जोरात सुटली की १/२००० लागतं. नदीतून बाहेर आल्यावर अंग झटकतानाचा फोटो हवा असेल तरी तेवढंच ठेवा, मग एकेक थेंब सुटा दिसतो.

छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, पूर्ण उघडायचा मोह आवरा. लांब तोंडाच्या कुत्र्याचं नाक आणि डोळा यांत चांगलंच अंतर असतं. जवळून एफ/१.८ वर (एफचा आकडा लहान, तेवढं छिद्र मोठं) काढलंत तर डोळा लख्ख आणि नाक धूसर येतं. एफ/४ ते एफ/५.६ वर दोन्ही सांभाळलं जातं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा, वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० ठेवा. फोटो थोडा दाणेदार झालेला चालतो, हललेला मात्र सुधारता येत नाही.

फोकस सलग पाठलाग करणारा हवा. कॅननच्या जुन्या एसएलआरमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉन आणि सोनीत एएफ-सी. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती सुरू करा. डोळ्यांवर केस आलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत ती फसते, तिथे एकच फोकस बिंदू डोळ्यावर ठेवणं बरं.

फोनवाल्यांसाठी: दुप्पट-तिप्पट वाढवणारी दुसरी लेन्स असेल तर ती वापरा, मुख्य लेन्सने अगदी जवळ गेलं की नाकाचा भोपळा होतो. पोर्ट्रेट मोड कानाच्या कडेचे केस खाऊन टाकतो, मी तो बंदच ठेवतो. संध्याकाळी उजेड उतरला की फोन शटर मंद करतो, तेव्हा धावणारं कुत्रं टिपायचा नाद सोडा.

खाली बसा, आणि मग वाट बघा

कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या. उभं राहून खाली बघत काढलेल्या फोटोत डोकं मोठं, पाय आखूड आणि मागे नुसती जमीन येते. गुडघे दुखत असतील तर कुत्र्याला ओट्यावर, घाटाच्या वरच्या पायरीवर किंवा बांधावर बसवा आणि तुम्ही खाली थांबा.

आल्याआल्या कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरू नका. मोठी काळी लेन्स म्हणजे त्याच्यावर रोखलेला भलामोठा डोळा. पहिली दहा मिनिटं त्याला वास घेऊ द्या, मुतू द्या, गवतात लोळू द्या. कॅमेरा खाली ठेवून तोही हुंगू द्या. खटखट आवाज ऐकवा. इतक्या वेळात तुम्हालाही उजेड कुठून येतोय ते कळतं.

लक्ष वेधायला नेहमीच्या नावाने सारखी हाक मारू नका, ते उठून तुमच्याकडेच येईल. वेगळा आवाज काढा: जिभेची टकटक, प्लॅस्टिकची पिशवी चुरगळण्याचा आवाज, मांजराचं म्याव. असा आवाज दोनतीनदा चालतो, मग त्याला कंटाळा येतो. म्हणून सगळं जुळल्याशिवाय तो वापरायचाच नाही. बोट आधी शटरवर, आवाज नंतर. मदतीला कुणी असेल तर त्याला तुमच्या मागे उभं करून खाऊ तुमच्या डोक्यावर धरायला सांगा. उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे किंवा पोळीचा तुकडा पुरतो. मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको, कुत्र्यांना ते विषारी असतं.

चेंडू निळा किंवा पिवळा घ्या. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट ओळखू येतात, लाल-हिरव्यातला फरक जवळजवळ कळत नाही. हिरव्या गवतात पडलेला लाल चेंडू तुम्हाला उठून दिसतो, ते मात्र नाकाने शोधत बसतं. मग फोटोत नुसती पाठ.

कुत्रं वारंवार ओठ चाटतंय, झोप नसताना जांभया देतंय, तोंड वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दाखवतंय, शेपटी पोटाखाली घेतंय, असं दिसलं की ते वैतागलंय किंवा घाबरलंय. थांबा. फोटोत तो ताण दिसतोच, आणि घरच्यांना तो लगेच ओळखू येतो.

धावतानाचा फोटो

एकाने कुत्र्याला पंचवीस-तीस मीटरवर धरून बसायचं, तुम्ही जमिनीवर पोटावर आडवं व्हायचं, आणि हाक मारायची. हाक घरातल्या ज्या माणसावर त्याचा जीव आहे त्याने मारली तर वेगच वेगळा. तो माणूस तुमच्या थेट मागे नको, दोन हात बाजूला हवा. नाहीतर तीस किलोचं कुत्रं तुमच्या अंगावरून जाईल. जागा कुंपणाची किंवा रस्त्यापासून लांब असावी. ते बोलावल्यावर परत येत नसेल तर लांब दोरी बांधा, मोकळं सोडू नका.

कॅमेऱ्याने कुत्र्याला सुरुवातीपासून पकडून ठेवा आणि मधल्या टप्प्यावर आल्यावर सलग फोटो घ्या. शंभरातले चारपाच कामाचे निघाले तर समाधान माना. निवडताना पायांकडे बघा. कारवान, मुधोळ, ग्रेहाउंड अशी शिकारी कुत्री भरधाव धावताना एका झेपेत दोनदा पूर्ण हवेत असतात: एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले, एकदा पुढचे-मागचे पूर्ण ताणलेले. ताणलेला क्षण सगळ्यांना आवडतो. मला गोळा झालेला जास्त आवडतो, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने १८७८ साली धावत्या घोड्याचे टप्पे ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांतून टिपले आणि पुढे १८८७ च्या संग्रहात कुत्रीही घेतली. त्याला जे मोठा खटाटोप करून मिळालं ते आज आपल्या खिशात आहे.

दुसऱ्याचं कुत्रं

धनगरांच्या मेंढ्यांबरोबरची कुत्री फोटोसाठी मोहात पाडणारी. पावसाळा संपला की पश्चिम महाराष्ट्रातले धनगर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पाऊस सुरू व्हायच्या सुमारास परततात. संध्याकाळच्या उन्हात मेंढ्यांच्या खुरांची धूळ, आणि त्या धुळीतून चालणारं कुत्रं. पण हे कुत्रं ड्यूटीवर असतं. आधी मेंढक्याला राम राम घाला, विचारा, आणि तो सांगेल तिथूनच काढा. त्याच्यासमोर जमिनीवर आडवं पडायचा उद्योग करू नका, कळपात घुसू नका, अंधार पडल्यावर मेंढ्यांच्या वाड्याच्या आसपास फिरू नका. आणि काढलेला फोटो त्याच्या फोनवर पाठवा. ‘पाठवतो’ म्हणून न पाठवणारे फार झालेत.

गल्लीतली कुत्री लांबच्या लेन्सने, त्यांच्या जागेवरच टिपा; ती जेवताना किंवा पिल्लांजवळ असताना तर जवळ मुळीच जाऊ नका. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला छोटीशी खाच असते. एडिटिंगमध्ये ती ‘दुरुस्त’ करणारे लोक मी पाहिलेत. राहू द्या की. तीच उद्या त्याची ओळख.

जागेसकट फोटो

जवळचे फोटो झाले की चार-पाच पावलं मागे या, लेन्स २८ किंवा ३५ मिमीवर आणा, अ‍ॅपर्चर एफ/८ करा. आता कुत्रं फ्रेमच्या एक-पंचमांश एवढं असलं तरी पुरे. यात जे रोजचं म्हणून डोळ्याआड होतं ते मुद्दाम घ्या: फाटक, पार्क केलेल्या गाड्या, ते जिथे भिंतीला पाय वर करतं तो खांब, रोज बिस्किट देणारे चहावाले काका (विचारून), आणि तुमच्या घरातल्या माणसाचा निदान हात तरी. गळ्यातला पट्टा आणि दोरीही राहू द्या. जुन्या अल्बमातली साखळी बघून ‘ही आजोबांनी आणली होती’ असं कुणीतरी म्हणतंच.

कुत्रं म्हातारं झालं असेल तर आधी जागेसकटचा फोटो उरकून घ्या, ते लवकर दमतं. पांढरं पडलेलं तोंड खिडकीच्या किंवा झाडाखालच्या बाजूच्या उजेडात छान येतं. पुढून सपाट उजेड पडला तर ते पांढरे केस दिसतच नाहीत. उठून बसायला लावू नका. नेहमीच्या गोणपाटावर पडलेलं असेल तर तुम्हीच शेजारी आडवे व्हा.

जुन्या फोटोंचं काय करायचं

४ बाय ६ इंचाचा प्रिंट ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. कोपऱ्यातलं कुत्रं कापून मोठं करायला एवढं हवंच. चौकोनी छोटे प्रिंट १२०० ला करा. निगेटिव्ह मिळाली तर आधी तीच. ३५ मिमीची पट्टी २४०० डीपीआयवर प्रिंटपेक्षा बारकावे जास्त देते, आणि प्रिंट काढताना कडेला कापलं गेलेलं काहीतरी तिच्यात असण्याचीही शक्यता असते.

स्कॅनर नसेल तर फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, फोन बरोबर वरून समांतर धरा. फोटो चकाकत असेल तर तुमच्या बाजूला काळं कापड धरा.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. पावसाळी दमटपणात वरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि ओढला की तोंडच निघून येतं. काचेवरूनच स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सोडवायला दात साफ करायचा धागा त्याच्या मागून सावकाश, करवतीसारखा फिरवावा.

रंग लालसर झालेले ऐंशी-नव्वदच्या दशकातले फोटो थोडे सुधारता येतात, कारण निळसर रंग आधी उडालेला असतो. पण मूळ स्कॅन वेगळा जपा आणि सुधारणा प्रतीवर करा. जुना फोटो लख्ख करून देणाऱ्या अ‍ॅपबाबत मी फार सावध असतो. नखाएवढ्या धूसर तोंडातून ते कुठलंतरी देखणं लॅब्रॅडॉर घडवतात. तो मोती नव्हे.

मग खरं काम. फोटो घेऊन घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि ‘हा कोण’ असं विचारण्याऐवजी ‘हे कुत्रं कुणी आणलं’ असं विचारा. माणसांबद्दल बोलताना लोक हातचं राखतात, कुत्र्याबद्दल भरभरून बोलतात, आणि त्या ओघात माणसंही येतात. मावशी मोतीबद्दल सांगतासांगता मामाने चेतक कुणाच्या पैशांनी घेतली तेही सांगून गेली.

कुत्र्यावरून फोटोचा काळही काढता येतो. दहा-तेरा वर्षांचं आयुष्य आणि त्यातले ठळक टप्पे: पिल्लू, मोठं, तोंड पांढरं झालेलं. मोती पिल्लू आहे, म्हणजे हा ताईच्या लग्नाआधीचा. तोंड पांढरं आहे, म्हणजे घराला स्लॅब पडल्यानंतरचा. तारीख नसलेले कितीतरी फोटो असे ओळीने लावता येतात.

मिळालेली माहिती फाइलच्या नावातच घाला, वर्ष पुढे: ‘१९८८-मे-मोती-मामा-चेतक’. प्रिंटमागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उठाव येतो. पाकिटावर पेन्सिलीने लिहून मग फोटो आत घाला. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र आवळलं जातं आणि आतली तारीखही जाते. प्रती दोन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. मूळ प्रिंट आणि निगेटिव्ह कपाटाच्या वरच्या कप्प्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसकट, बाहेरच्या भिंतीला न चिकटवता.

शेवटचं एक काम वर्षातून एकदा करायचं: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, जागेसकट एक फोटो, आणि त्याचा ४ बाय ६ प्रिंट. ज्यांच्या घरी खंडोबाचं कुलदैवत आहे त्यांना दिवस शोधावा लागत नाही. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की कुत्र्याला घास घालतातच, आणि मार्गशीर्षातलं सकाळचं ऊनही मऊ असतं. फक्त त्याच्या वाट्याचा रोडगा कोरडा द्या, भरतातला कांदा कुत्र्याला चालत नाही.